कागदाला दार उघडले, छापखान्याला का नाही?

नव्या शोधांनी समाज बदलतो, हे वाक्य आपण शाळेत शिकतो आणि पुढे शिकवतोही. चाक, कागद, छापखाना, वाफेचे इंजिन, तार, वीज, संगणक अशी एक यादी पाठ्यपुस्तकात असते. प्रत्येक शोधापुढे शोधकाचे नाव आणि सन असतो. विद्यार्थी ती यादी पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि विसरून जातात. या यादीतून एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही. शोध लागल्याचा दिवस आणि समाज बदलल्याचा दिवस यांत कधी पन्नास वर्षांचे अंतर असते, तर कधी चारशे वर्षांचे. त्या मधल्या काळात काय घडते? नव्या वस्तूला दार कोण उघडते, कोण लावून घेते, आणि उशिराची किंमत कोण मोजते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी इस्लामी जगाच्या इतिहासातील दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. कागद आठव्या शतकात आला आणि शंभर-दीडशे वर्षांत त्याने बगदादचा कायापालट केला. छापखाना पंधराव्या शतकात युरोपात सुरू झाला. मुस्लिम समाजात तो रुजायला मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. संस्कृती तीच, धर्म तोच, ग्रंथप्रेमाचा वारसाही तोच. मग असे का झाले?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्या कानांवर नेहमी पडतात. एक बाहेरचे लोक देतात: इस्लामला नवे काही चालतच नाही. दुसरे आपल्याच घरात ऐकू येते: सगळे शोध मूळचे आपलेच, इतरांनी ते उचलले. दोन्ही उत्तरांनी विचार करण्याचे कष्ट वाचतात, इतकाच त्यांचा उपयोग. इतिहास काय सांगतो ते आता पाहू.

समरकंदचा कागद

कागद मूळचा चीनचा. इ.स. १०५ मध्ये त्साय लुन या दरबारी अधिकाऱ्याने तो सम्राटापुढे ठेवला अशी चिनी बखरीतील नोंद आहे. त्याहून जुने कागदाचे तुकडेही उत्खननात मिळाले आहेत. इ.स. ७५१ मध्ये तलास नदीच्या काठी अब्बासी आणि चिनी फौजांची लढाई झाली, त्यात पकडलेल्या चिनी कैद्यांनी समरकंदच्या लोकांना कागद करायला शिकवले, अशी एक प्रसिद्ध कथा आहे. अलीकडचे अभ्यासक या कथेवर फारसा विश्वास ठेवत नाहीत. व्यापारी आणि बौद्ध भिक्षू यांच्यामार्फत कागद रेशीममार्गाने मध्य आशियात आधीच पोहोचला होता, असे ते म्हणतात. ते काहीही असो. आठव्या शतकाच्या अखेरीस, हारून अल रशीदच्या काळात, बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला होता. इब्न खल्दून या इतिहासकाराने त्याचे श्रेय फज्ल बिन यह्या बरमकी या वजिराच्या घराण्यातील पुरुषाला दिले आहे. बरमकी घराणे मूळचे बल्खच्या बौद्ध विहाराशी संबंधित. कागद ज्या प्रदेशातून आला त्याच प्रदेशातून आलेली ही माणसे.

कागद इतक्या लवकर का स्वीकारला गेला? अब्बासी राज्याला त्याची गरज होती. उत्तर आफ्रिकेपासून मध्य आशियापर्यंत पसरलेल्या राज्याचा सारा हिशेब, महसूल आणि टपाल लेखी चालत असे. लिहिण्यासाठी दोनच साधने होती. एक पपायरस, जो इजिप्तमध्ये होई. आणि दुसरे चामड्याचे पत्र, जे फार महाग पडे. मोठ्या आकाराच्या एका कुरआनच्या प्रतीसाठी शेकडो जनावरांची कातडी लागत. शिवाय चामड्यावरची शाई खरवडून मजकूर बदलता येई. कागदाचे तसे नव्हते. शाई कागदात मुरते. खाडाखोड केली की लगेच दिसते. सरकारी दप्तराला याहून मोठी सोय कोणती? जुन्या चिंध्या, ताग, दोर असा टाकाऊ माल घ्यायचा, कुटून लगदा करायचा, तो पाण्यात कालवून चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. कच्चा माल कुठेही मिळणारा आणि कृती कोणत्याही गावात करता येणारी.

कचेरीसाठी आलेला हा कागद कचेरीत राहिला नाही. बगदादमध्ये 'वर्राक' नावाचा एक नवा वर्ग उदयाला आला. वर्राक म्हणजे कागद विकणारा, ग्रंथांच्या नकला करणारा आणि पुस्तके विकणारा. नवव्या शतकातील लेखक याकूबी याने बगदादच्या एका भागात अशी शंभराहून अधिक दुकाने असल्याचे लिहिले आहे. त्याच धंद्यातील इब्न नदीम याने इ.स. ९८७ मध्ये 'अल फिहरिस्त' हा ग्रंथ तयार केला. त्या काळी अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या पुस्तकांची ती जंत्री आहे. धर्मशास्त्रापासून वैद्यक, गणित, किस्से-कहाण्या आणि इतर धर्मांच्या ग्रंथांपर्यंत सारे तीत आहे. दुकानदाराला अशी जंत्री करावीशी वाटली, यावरून शहरात पुस्तकांची केवढी रेलचेल असेल ते कळते.

कागदाने विचार करण्याची पद्धतही बदलली. भारतातून गेलेले अंक आणि शून्य वापरून गणित करताना लोक धूळ पसरलेली पाटी वापरत. आकडा पुसायचा आणि त्या जागी दुसरा लिहायचा. इ.स. ९५२ च्या सुमारास दमास्कसमध्ये अल उक्लीदिसी या गणितज्ञाने हीच रीत कागद आणि शाईसाठी नव्याने बसवली. पाटी घेऊन बसलेला माणूस रस्त्यावरच्या ज्योतिष्यासारखा दिसतो, अशीही त्याची तक्रार होती! पण मुद्दा गंभीर आहे. पाटीवर मधल्या पायऱ्या पुसल्या जातात, कागदावर त्या राहतात. उत्तर चुकले तर कुठे चुकले ते तपासता येते. आज आपण वहीत मुलांना 'पायऱ्या दाखवा' म्हणून सांगतो, त्यामागे हा हजार वर्षांचा इतिहास आहे.

पुढे हा कागद स्पेनमार्गे युरोपात गेला. तिथल्या शातिबा गावचा कागद बाराव्या शतकात नावाजलेला होता. आपण दुकानात 'एक रीम कागद द्या' म्हणतो, त्यातील रीम हा शब्द इंग्रजीतून आला असला तरी मुळात अरबी 'रिज्मा' आहे, म्हणजे गठ्ठा. मराठीतील कागद, शाई, दौत, कलम, दप्तर हे शब्दही फारसी-अरबीच्या वाटेने आले आहेत. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला मुसलमान कागदी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या हाताने कागद करीत. पेशवाईच्या दप्तरात जुन्नरी आणि दौलताबादी कागद वापरला गेला आहे. मराठ्यांचा इतिहास ज्यावर लिहिला गेला त्यातला पुष्कळसा कागद या हातांनी घोटला होता, हे आपण फारसे कुणाला सांगत नाही.

दाराशी थांबलेला छापखाना

आता दुसरी बाजू पाहू. योहान गुटेनबर्गने जर्मनीत इ.स. १४५५ च्या सुमारास बायबल छापले. पन्नास वर्षांत छापखाने युरोपभर पसरले. स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू उस्मानी साम्राज्यात आश्रयाला आले आणि त्यांनी १४९३ मध्ये इस्तंबूलमध्ये हिब्रू छापखाना काढला. १५६७ मध्ये आर्मेनियन लोकांनी काढला. म्हणजे खलिफाच्या राजधानीत छापखाना होता; फक्त अरबी लिपीतील पुस्तके तिथे छापली जात नव्हती.

सुलतान बायझीद दुसरा याने १४८५ मध्ये आणि सलीम पहिला याने १५१५ मध्ये छपाईवर बंदी घातली, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असते. अशी मूळ फर्माने अभ्यासकांच्या हाती लागलेली नाहीत, त्यामुळे या बंदीविषयी आता शंका घेतली जाते. उलट १५८८ मध्ये सुलतान मुराद तिसरा याने युरोपात छापलेली अरबी पुस्तके साम्राज्यात विकू द्यावीत असा आदेश दिला होता. तो आदेश १५९४ मध्ये रोममध्ये छापलेल्या युक्लिडच्या भूमितीच्या अरबी आवृत्तीत उतरवलेला आहे. म्हणजे 'मुल्लांनी बंदी घातली आणि विषय संपला' हे उत्तर फारच सोपे आहे.

खरी कारणे अनेक होती, आणि ती समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण लिपीचे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटे असते. अरबी लिपीत अक्षरे एकमेकांना जोडली जातात आणि शब्दात सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी आल्यावर त्यांचे रूप बदलते. त्यामुळे खिळे कित्येक पटींनी जास्त करावे लागतात. फारसी-उर्दूची नस्तालीक लिपी तर याहून अवघड. तिच्यात शब्द वरून खाली तिरका उतरतो. सरळ ओळीत खिळे जुळवून ती चाल साधत नाही.

दुसरे कारण विश्वासाचे. व्हेनिसच्या पागानीनी या मुद्रकाने १५३७-३८ च्या सुमारास अरबीत कुरआन छापला. त्यात अक्षरांच्या आणि जेर-जबरच्या चुका होत्या. ही आवृत्ती इतकी नाहीशी झाली की ती कधी निघालीच नव्हती असे लोक म्हणू लागले. अखेर १९८७ मध्ये व्हेनिसच्या एका मठात तिची एक प्रत सापडली. ज्या ग्रंथाचा एक नुक्ताही बदलू नये असा आग्रह, तो अशा रीतीने छापलेला पाहून मुसलमान वाचकांना काय वाटेल हे सांगायला नको. शिवाय इस्लामी परंपरेत ज्ञान पुस्तकातून घेण्यापेक्षा उस्तादाच्या तोंडून घेण्याची रीत होती. उस्तादासमोर ग्रंथ वाचायचा, त्याने दुरुस्त करायचा आणि मग 'इजाजत' द्यायची. हाफिज, उस्ताद आणि सनद ही साखळी ज्ञानाची राखण करी. एकाच वेळी हजार प्रती काढून अनोळखी हातांत देणारे यंत्र ही साखळी तोडणारे होते.

तिसरे कारण पोटाचे आणि आवडीचे. सुंदर अक्षर लिहिणाऱ्या कातिबांना समाजात मान होता आणि त्यांच्या कामाला गिऱ्हाईक होते. १५८० मध्ये गोव्याहून आलेल्या जेझुइट पाद्र्यांनी अकबर बादशहाला अँटवर्पला छापलेले अनेक भाषांतील बायबल नजर केले. बादशहाने ते आदराने स्वीकारले. पण ज्याच्या दरबारात मुहम्मद हुसैन काश्मिरीसारखा 'जर्रीं कलम' होता, त्याला ती एकसारखी छापील अक्षरे मोहात पाडू शकली नाहीत. जवळच गोव्यात १५५६ पासून छापखाना होता. मुघल दरबाराने तो मागवला नाही.

इस्तंबूलमध्ये अरबी लिपीचा छापखाना अखेर १७२७ मध्ये मंजूर झाला. त्यामागे इब्राहीम मुतफर्रिका हा गृहस्थ होता. तो मूळचा ट्रान्सिल्व्हेनियाचा, इस्लाम स्वीकारून उस्मानी सेवेत आलेला. छपाईचे फायदे सांगणारा निबंध त्याने लिहून दरबारात दिला, शेखुल-इस्लामचा फतवा मिळवला आणि धार्मिक ग्रंथ वगळून बाकीची पुस्तके छापण्याची परवानगी घेतली. १७२९ मध्ये 'वानकुलू' हा शब्दकोश निघाला. १७४२ पर्यंत भूगोल, इतिहास, भाषा अशा विषयांची एकूण १७ पुस्तके निघाली. मग यंत्र जवळजवळ थंडावले. परवानगी होती, फतवा होता, यंत्रही होते. पण वाचक कमी आणि पुस्तके महाग. नुसत्या मंजुरीने समाज बदलत नाही, हा धडा इथे मिळतो.

दगडावरची लिपी

कोंडी फुटली ती एका दगडामुळे. १७९६ च्या सुमारास बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर हा नाटककार आपली नाटके स्वस्तात छापण्याच्या खटपटीत होता. त्याला चुनखडीच्या गुळगुळीत दगडावरून छापण्याची युक्ती सापडली. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, एवढेच तिचे मर्म. दगडावर तेलकट शाईने लिहायचे, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी धरते, लिहिलेल्या जागी धरत नाही. आता छपाईच्या शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना लागते. वर कागद ठेवून दाबला की छाप तयार. मराठीत याला शिळाछाप म्हणतात.

उर्दूसाठी ही युक्ती म्हणजे वरदान ठरली. खळ दिलेल्या पिवळसर कागदावर कातिबाने आपल्या नेहमीच्या वळणात मजकूर लिहायचा, तो दगडावर दाबून उलटा उमटवायचा, 'संगसाज' नावाच्या कारागिराने दगडावरच उलट्या अक्षरात दुरुस्त्या करायच्या आणि शेकडो प्रती काढायच्या. खिळे पाडायला नकोत, मोठे भांडवल नको. एक दगड, एक यंत्र, एक कातिब आणि दोन मजूर असले की गल्लीत छापखाना सुरू. वाचकाला तेच ओळखीचे नस्तालीक अक्षर दिसे आणि कातिबाची रोजीही चालू राही. ज्या तीन कारणांनी छापखाना अडला होता ती तिन्ही कारणे या दगडाने बरीचशी दूर केली.

१८२० नंतर ही विद्या हिंदुस्थानात आली आणि पुढच्या पन्नास वर्षांत उर्दूचे जग बदलले. १८३७ मध्ये कंपनी सरकारने फारसीची राजभाषेची जागा काढून घेतली आणि उत्तरेतील कचेऱ्यांत उर्दू आली. त्याच सुमारास मौलवी मुहम्मद बाकर यांनी दिल्लीत उर्दू वृत्तपत्र सुरू केले, जे पुढे 'दिल्ली उर्दू अखबार' या नावाने प्रसिद्ध झाले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्यांना ठार केले. १८४१ मध्ये गालिबचा उर्दू दीवान प्रथम छापून आला. १८५८ मध्ये लखनौला मुन्शी नवल किशोर यांनी आपला छापखाना काढला. अरबी, फारसी, उर्दू आणि हिंदीतील हजारो पुस्तके तिथून निघाली; त्यांत कुरआन, हदीस आणि फिकहचे ग्रंथही होते. मुसलमानांच्या धर्मग्रंथांचा त्या काळचा एक मोठा प्रकाशक हिंदू होता, ही गोष्ट आजच्या काळात मुद्दाम सांगितली पाहिजे.

आपली मुंबईही यात मागे नव्हती. एकोणिसाव्या शतकात फारसी शिळाछाप पुस्तकांचे मुंबई हे मोठे केंद्र होते. इथे छापलेली पुस्तके जहाजांनी इराणपर्यंत जात.

छापील शब्दाने काय केले?

सर्वांत मोठा बदल धर्माच्या क्षेत्रात झाला. शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुरआनचा फारसी अनुवाद केला. त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी १७९० च्या सुमारास तो उर्दूत केला. हस्तलिखित असता तर हा अनुवाद काही आलिमांच्या कपाटात राहिला असता. छापला गेल्यामुळे तो घराघरांत पोहोचला. सामान्य माणूस अल्लाहचे वचन प्रथमच आपल्या बोलीत, आपल्या ओसरीवर बसून, कुणालाही न विचारता वाचू लागला.

याचे परिणाम दुहेरी झाले. उलेमांची मक्तेदारी सैल झाली. पण उलेमांनीही हेच यंत्र हाती घेतले. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या मदरशाला छापील पुस्तके, टपाल आणि रेल्वे या तिन्हींचा आधार मिळाला. दूरच्या गावचा माणूस पत्राने फतवा मागू लागला. सर सय्यद अहमद खान यांनी १८७० मध्ये 'तहजीबुल अखलाक' काढून सुधारणेचा विचार मांडला. त्यांच्या विरोधकांनी छापील पत्रकांनीच त्यांना उत्तर दिले. पंथापंथांतील वादही छापले गेले आणि पूर्वी एका मशिदीत संपणारे भांडण देशभर पसरले. यंत्राला चांगले-वाईट कळत नाही. ते आवाज मोठा करते, एवढेच.

दुसरा बदल स्त्रियांच्या जगात झाला, आणि माझ्या मते तो अधिक खोल आहे. शरीफ घराण्यांतील मुलींना कुरआन वाचायला शिकवत; लिहायला मात्र शिकवत नसत. लिहिता आले तर मुलगी पत्रे लिहील, ही भीती. बिजनौर जिल्ह्यातील बीबी अशरफ (१८४०-१९०३) हिने घरच्यांच्या नकळत तव्याची काजळी आणि झाडूची काडी घेऊन, समोरच्या मजकुराची नक्कल करत लिहिणे शिकून घेतले. पुढे ती लाहोरला शिक्षिका झाली. १८६९ मध्ये डेप्युटी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस' ही कादंबरी आली, ती मुलींना वाचायला द्यावी म्हणून. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी १८८१ मध्ये 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली. ती छापली जायला १८९४ साल उजाडले. १८९८ मध्ये लाहोरहून 'तहजीब-ए-निस्वाँ' हे स्त्रियांचे साप्ताहिक निघाले आणि मुहम्मदी बेगम त्याच्या संपादिका झाल्या. बीबी अशरफची हकिकत याच पत्रात छापून आली. पडद्याआडची बाई बाहेर पडली नाही, पण टपालाने तिच्या हातात वर्तमानपत्र पडले आणि तिचे पत्र दुसऱ्या शहरातील बाईने वाचले. स्त्रीशिक्षणाचा विचार त्याआधीही होता. तो विचार आणि हे यंत्र एकत्र आले तेव्हा समाज हलला.

मोडी आणि नस्तालीक

इथे मराठी वाचकांसाठी एक तुलना करावीशी वाटते. दोनशे वर्षांपूर्वी मराठी व्यवहाराची लिपी मोडी होती. मोडीही नस्तालीकसारखी धावती, हात न उचलता लिहायची लिपी. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरला १८०५ मध्ये मराठी व्याकरण देवनागरीत छापले आणि १८१० मध्ये मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला. पण पुढे छापखान्याने बालबोध देवनागरीलाच जवळ केले. सुट्या अक्षरांची देवनागरी खिळ्यांना सोयीची होती. गणपत कृष्णाजी यांचा शिळाप्रेस मुंबईत १८३१ पासून चालू होता, तरी जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी सुबक देवनागरी खिळे घडवले आणि मराठी मुद्रण तिकडेच वळले. मोडी कचेरीपुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली.

म्हणजे मराठीने यंत्र लवकर स्वीकारले आणि लिपी गमावली. उर्दूने लिपी सांभाळली आणि यंत्राला वाट पाहायला लावली. कुणाचे बरोबर? मराठीला स्वस्त छपाई, शब्दकोश, वर्तमानपत्रे भराभर मिळाली, हा मोठा लाभ झाला. पण २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम सुरू झाले तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. आपल्याच पणजोबांची नोंद वाचायला दुभाष्या लागावा, ही त्या लाभाची किंमत. उर्दूने आपल्या पूर्वजांचे अक्षर वाचण्याची क्षमता टिकवली. पण शिळाछापीतच रमल्यामुळे ती पुढच्या यंत्रांपासून दूर राहिली. सर सय्यद यांनी टाइपचा आग्रह धरला, मौलाना आझाद यांनी १९१२ मध्ये 'अल हिलाल' टाइपमध्ये काढला. वाचकांच्या डोळ्यांना नस्ख टाइप रुचला नाही. १९८० पर्यंत उर्दू दैनिके कातिबांची फौज बसवून हाताने लिहिली जात होती.

कातिबाचे काय झाले?

१९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांनी कराचीत एक विलक्षण काम पुरे केले. नस्तालीकमधील अक्षरांच्या वीस हजारांच्या आसपास जोडाकृती त्यांनी लिहून काढल्या आणि मोनोटाइप कंपनीच्या संगणकावर 'नूरी नस्तालीक' तयार झाली. ज्या लिपीला खिळे सापडले नाहीत तिला संगणक सापडला. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' हा प्रोग्राम काढला आणि काही वर्षांत छोट्या दैनिकांतही कातिबाच्या जागी ऑपरेटर बसला.

दीडशे वर्षे शिळाछापीने ज्याला तारले त्या कातिबाला संगणकाने काही वर्षांत उठवले. काही जण तरुण होते, ते कळफलक शिकले. काही जण लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या लिहू लागले. वयस्क माणसांना काहीच करता आले नाही. उर्दू मुद्रणाच्या इतिहासात यंत्रांची नावे येतात; पाठीला बाक येईपर्यंत रात्रीच्या दिव्यात बातम्या लिहिणाऱ्या या माणसांची नावे येत नाहीत. नवे साधन आणताना जुन्या साधनाच्या माणसाला नवे शिकवण्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न तेव्हाही कुणी विचारला नाही.

तीन निष्कर्ष

या साऱ्या इतिहासातून मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, समाजाला ज्या प्रश्नाची टोचणी असते त्याचे उत्तर घेऊन आलेला शोध लवकर रुजतो. कागद असा आला. दुसरी, शोध समाजाच्या अंगाला बसावा लागतो. खिळ्यांचा छापखाना नस्तालीकच्या अंगाला बसला नाही, दगड बसला. तिसरी, फतवा आणि फर्मान यांचा प्रभाव आपण समजतो त्याहून कमी असतो. वाचक नसतील तर परवानगी असूनही यंत्र थंड पडते. वाचक असतील तर यंत्राला कुणी अडवू शकत नाही. म्हणून शोधाच्या आधी शाळा लागते.

पण उशिराची किंमत मात्र चुकत नाही. मुतफर्रिकाच्या आणि गुटेनबर्गच्या मधल्या पावणेतीनशे वर्षांत युरोपात नकाशे, शरीररचना, खगोलशास्त्र यांची पुस्तके हजारोंनी छापली गेली, त्यांच्यातील चुका शोधल्या गेल्या आणि सुधारून पुन्हा छापल्या गेल्या. ज्या दमास्कसने गणिताच्या पायऱ्या कागदावर ठेवायला शिकवले, त्याच्या वारसांना ही संधी मिळाली नाही.

हाच प्रश्न आज वेगळ्या रूपात पुढे आहे. इनपेजने उर्दू सुंदर छापली. पण तिचा मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने कितीतरी वर्षे उर्दू पाने इंटरनेटवर चित्रांच्या रूपात चढवली गेली. चित्रातील शब्द शोधता येत नाही. त्यामुळे अमाप उर्दू साहित्य असूनही ते शोधणाऱ्याला दिसले नाही. आता तर युनिकोडमधील नस्तालीक विनामूल्य मिळू लागली आहे. तरीही आमच्या उर्दू शाळांतील मुले मोबाइलवर उर्दू लिहिताना रोमन अक्षरे वापरतात, कारण उर्दू कळफलक कसा घ्यायचा हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. मोडीचे झाले ते नस्तालीकचे होणार नाही, याची हमी कोण देणार? या वेळी कुणाचा फतवा आड येत नाही आणि यंत्रही अंगाला बसणारे आहे. उणीव फक्त शिकवणाऱ्यांची आहे.

म्हणून काही साधी कामे हाती घेण्यासारखी आहेत. मोहल्ल्यांतील वाचनालयांत आणि मदरशांत शिळाछापीची जुनी पुस्तके वाळवी खात पडली आहेत, त्यांची यादी करावी. ती उतरवून घेताना चित्र न घेता मजकूर टंकित करावा. प्रत्येक उर्दू शाळेत पाचवीपासून मुलामुलींना उर्दू आणि मराठी, दोन्ही कळफलक शिकवावेत. बीबी अशरफला काजळीची शाई करून चोरून लिहावे लागले होते. आपल्या मुलींच्या हातात फोन आहे, त्यावर आपल्या लिपीत लिहायला शिकवणे एवढेच आपल्याकडे उरले आहे.